विषय मंजूर करण्याआधी विचारा, यावरून निर्णय कोण घेणार?

अन्न आणि शेती व्यवसाय शिकवणारे प्राध्यापक, विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांचे मार्गदर्शक आणि परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

शेतमाल घेऊन त्यावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगात मी खरेदीचं काम पाहते. दरवर्षी सत्र संपत आलं की तुमचे विद्यार्थी प्रश्नावली घेऊन आमच्याकडे येतात. मुलं हुशार असतात, नीट बोलतात, दिलेली वेळ पाळतात. ‘खालील विधानाशी आपण कितपत सहमत आहात?’ अशा धाटणीचे प्रश्न विचारून पाचांपैकी एका चौकटीत खूण करून घेतात, आभार मानतात आणि जातात. त्या खुणांचं पुढे काय झालं हे आम्हाला कळत नाही. ज्या शेतकऱ्यांनी, वाहतूकदारांनी, गोदामवाल्यांनी आपलं काम बाजूला ठेवून तशाच खुणा केल्या, त्यांनाही कळत नाही. अहवाल बांधून होतो, तोंडी परीक्षा होते, गुण मिळतात आणि प्रत विभागाच्या कपाटात जाते.

यात विद्यार्थ्यांबद्दल माझी तक्रार नाही. विषय मंजूर करणारे, आराखडा तपासणारे आणि गुण देणारे तुम्ही आहात, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. मागणं एकच आहे. विषय मंजूर करण्याआधी विद्यार्थ्याला विचारा, ‘तुझं उत्तर हाती आल्यावर कोण माणूस कोणता निर्णय वेगळा घेईल?’ याचं उत्तर देता येत नसेल तर विषय परत पाठवा.

सध्या मंजूर होणारे बहुतेक विषय अमुक पिकाच्या ‘उत्पादन व विपणनातील समस्यांचा अभ्यास’ या साच्यातले असतात. त्यांचे निष्कर्ष काम सुरू होण्याआधीच सांगता येतात. भांडवल अपुरं, वाहतूक महाग, भावात चढउतार, साठवणुकीची सोय नाही, मध्यस्थ फार. मग या अडचणींची क्रमवारी लावायची आणि शेवटी ‘शासनाने लक्ष घालावे’ अशी शिफारस करायची. यातलं काही खोटं नाही. पण हे वाचून शेतकरी पेरणी बदलत नाही, मी खरेदी बदलत नाही, बँक कर्जाचा हप्ता बदलत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली ‘कितपत सहमत’ विचारणारी ती पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली ती लोकांचा कल मोजण्यासाठी, आणि त्या कामाला ती आजही उत्तम आहे. पण शेतकऱ्याला पैसे किती दिवसांनी मिळाले हा कल नव्हे. ते बिलावर आणि बँकेच्या पासबुकात लिहिलेलं असतं. जे कागदावर सापडतं ते माणसाच्या मतावरून काढायचं कशाला?

आमच्या वजनकाट्यावरचंच बघा. धान्याची गाडी येते. भरलेल्या गाडीचं वजन होतं, नमुना काढून आर्द्रतामापकात घालतात, माल उतरला की रिकाम्या गाडीचं वजन होतं. पावतीवर निव्वळ वजन, ओलावा, कपात आणि देय रक्कम एवढं छापून येतं. समजा १२ टक्के ओलावा ठरला होता आणि माल १४ टक्क्यांचा निघाला. सोपा हिशेब असा केला जातो की ओलावा दोन टक्के जास्त, तर वजन दोन टक्के कमी धरा. पण १०० क्विंटल मालात १४ टक्के पाणी असेल तर कोरडा माल ८६ क्विंटल असतो. तोच माल १२ टक्क्यांवर आणला की वजन ८६ भागिले ०.८८, म्हणजे ९७.७३ क्विंटल भरतं. घट २ टक्के नाही, २.२७ टक्के आहे. दोन टक्के कापले तर घेणाऱ्याचं जातं. दर टक्क्यामागे दीड टक्का कापला तर देणाऱ्याचं जातं. मग त्या जादा कपातीत वाळवणीचा खर्च धरला आहे का आणि तो देणाऱ्याला सांगितला आहे का, हे विचारावं लागतं.

आता मापकाकडे या. देणाऱ्याच्या मापकावर १२ आणि घेणाऱ्याच्या मापकावर साडेबारा आले, तर १०० क्विंटलमागे साधारण ५७ किलोंचा फरक पडतो. हा फरक मापकाचा, की नमुना पोत्याच्या तोंडातून काढला म्हणून पडलेला? मापक शेवटचा कधी तपासून घेतला होता? संध्याकाळी गाड्यांची रांग लागते तेव्हा कपात वाढते का? एखाद्या विद्यार्थ्यानं एका हंगामाच्या पावत्या घेतल्या, त्या वेळेनुसार, पुरवठादारानुसार आणि मापक तपासल्याच्या तारखेनुसार लावल्या, आणि रोज काही गाड्यांचा दुसरा नमुना स्वतः काढला, तर यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळेल. आणि ते उत्तर मला लगेच लागणार आहे. मापक किती दिवसांनी तपासायचा, नमुना कुठून घ्यायचा, कपातीचा तक्ता काट्याशेजारी भिंतीवर लावायचा का, हे निर्णय माझ्या टेबलावर आहेत.

वर्गात शिकवलेला सिद्धांतही इथेच उपयोगी पडतो. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली दाखवलं की घेणाऱ्याला दर्जा पारखता येत नसेल तर सगळ्या मालाला सरासरीचा भाव मिळतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. या कामासाठी त्यांना २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. विद्यार्थी हे अहवालाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहितात आणि पुढे त्याचं नावही घेत नाहीत. आमच्या काट्यावर तो सिद्धांत रोज दिसतो. मापनावर ज्याचा भरवसा नाही तो पुरवठादार माल नीट वाळवायचा सोडून देतो, कारण वाळवण्याची मेहनत पावतीवर दिसेल याची त्याला खात्री नसते.

पैशांच्या मुदतीचा विषयही असाच हाताशी आहे. युरोपीय संघानं २०१९ साली शेतमाल आणि अन्नपुरवठ्याच्या साखळीतल्या अन्याय्य व्यवहारांविरुद्ध निर्देश काढला. नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत आणि इतर मालाचे ६० दिवसांत द्यायला हवेत, अशी मर्यादा त्यात मोठ्या खरेदीदारांना घातली आहे. कुठल्याही देशातला विद्यार्थी बिलाची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख समोरासमोर ठेवू शकतो. फक्त त्याला सरासरीवर थांबू देऊ नका. सरासरी पंचवीस दिवसांची निघेल आणि सगळं ठीक दिसेल. थोडा माल देणारे, ज्यांच्याकडे दुसरा गिऱ्हाईक नाही असे पुरवठादार रांगेच्या शेवटी किती दिवस उभे असतात, हे वेगळं काढायला लावा. उद्योगाच्या मालकाला तो आकडा दाखवला तर तो गप्प बसेल किंवा चिडेल. दुर्लक्ष मात्र करता येणार नाही.

विद्यार्थ्यांच्या शिफारशींत हमखास दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ‘शेतकऱ्यांना बाजारभावाची माहिती द्यावी’, आणि अलीकडे त्यासाठी ‘ॲप तयार करावे’. या शिफारशीमागे बहुधा रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असतो. केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल सेवा टप्प्याटप्प्यानं पोहोचत गेली, तेव्हा मच्छीमारांच्या भावांचं काय झालं ते त्यांनी मोजलं. आधी एका बंदरावर मासळी फेकून द्यावी लागे आणि त्याच दिवशी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या बंदरावर ती कमी पडे. रोजच्या मासळीतला ५ ते ८ टक्के भाग वाया जात होता. समुद्रातूनच फोन करून भाव विचारता येऊ लागल्यावर नासाडी जवळजवळ थांबली आणि बंदराबंदरांतली भावातली तफावत खूप घटली.

पण पश्चिम बंगालच्या बटाटा उत्पादकांवरचा, २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. तिथे शेतकऱ्यांना घाऊक बाजारातले रोजचे भाव कळवले गेले, तरी त्यांना मिळणारा सरासरी भाव वाढला नाही. ते गावातल्या व्यापाऱ्यालाच माल विकत होते आणि घाऊक बाजारात थेट विकण्याची वाट त्यांना नव्हती. मच्छीमाराला होडी वळवता येत होती. बटाटेवाल्याला भाव कळला तरी वळायला दुसरी जागा नव्हती. हे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचलेला विद्यार्थी ‘माहिती द्यावी’ एवढंच लिहून थांबू शकणार नाही. माहिती मिळाल्यावर त्या माणसाच्या हातात करण्यासारखं काय आहे, हे त्याला शोधावंच लागेल. मार्गदर्शकानं तेवढं करून घेतलं तरी प्रकल्पाचा दर्जा एकदम वर जाईल.

प्रश्न लहान घ्या म्हटलं की काही प्राध्यापक म्हणतात, एवढ्याशा प्रश्नावर अख्खा प्रकल्प कसा होईल? एस्तेर दुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी पश्चिम केनियात जो प्रश्न घेतला तो बघा. खत फायद्याचं आहे हे शेतकऱ्यांना माहीत होतं, घ्यायची इच्छाही होती, तरी वापर कमी होता. त्यांनी खत घरपोच देण्याचा खर्च माफ केला, पण ही सवलत काढणीनंतर लगेच आणि थोड्याच दिवसांपुरती दिली, म्हणजे हातात पैसे असताना. खताचा वापर वाढला, आणि नंतर ऐन वापराच्या वेळी निम्म्या किमतीत खत दिल्यानं जितका परिणाम झाला त्याच्या तोडीचा हा परिणाम होता. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याला पैसा आणि वर्षं लागली, ते विद्यार्थ्याला झेपणार नाही. पण ‘विक्रेत्याचा माणूस शेतकऱ्याकडे कधी जातो आणि शेतकऱ्याच्या हातात पैसे कधी असतात’ या दोन तारखा मांडायला काय लागतं? एका खतविक्रेत्याची वही आणि पन्नास घरांची विक्रीची नोंद. त्या विक्रेत्याला पुढच्या हंगामात माणूस कधी पाठवायचा ते ठरवता येईल.

अन्नाच्या बाजूचे प्रकल्पही याच दुखण्यानं आजारी आहेत. नासाडीवरच्या जवळपास प्रत्येक अहवालाची सुरुवात ‘जगातील एक तृतीयांश अन्न वाया जाते’ या वाक्यानं होते. हा आकडा अन्न व कृषी संघटनेच्या २०११ च्या अहवालातला, वर्षाला १३० कोटी टनांचा. त्यानंतर मोजणीची पद्धत बदलली. काढणीपासून किरकोळ विक्रीच्या आधीपर्यंतचं नुकसान आता वेगळं मोजतात आणि विक्री, खानावळी व घरांतली नासाडी वेगळी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली या दुसऱ्या भागात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं साधारण ६० टक्के घरांत, २८ टक्के खानपान सेवेत आणि १२ टक्के किरकोळ दुकानांत. विद्यार्थी जुना आकडा उतरवतो आणि ‘जनजागृती आवश्यक’ या शिफारशीवर संपवतो. त्याऐवजी एका भोजनगृहात तीन डबे ठेवले, साठवणीत खराब झालेलं, निवडता-चिरताना गेलेलं आणि ताटात उरलेलं अन्न वेगळं केलं आणि रोज तोललं, तर तिथल्या व्यवस्थापकाला खरेदी कमी करायची, भांड्यांचा आकार बदलायचा की वाढपाची पद्धत बदलायची, हे कळेल. तिन्ही उपाय वेगळे आहेत आणि चुकीचा उपाय केला तर खर्च वाढतो.

तुमची पहिली अडचण मला माहीत आहे: धंदेवाले वही दाखवत नाहीत. खरं आहे. जॉन डेव्हिस आणि रे गोल्डबर्ग यांनी १९५७ साली कृषी-व्यवसायाची कल्पना मांडली ती बियाणं-खतापासून शेत, प्रक्रिया आणि वितरणापर्यंतच्या सगळ्या व्यवहाराला एकत्र धरून. आपले प्रकल्प मात्र शेतकऱ्याच्या अंगणातच संपतात, कारण शेतकरी बसवून घेतो, चहा देतो आणि उत्तरं देतो. साखळीतला बाकीचा भाग दार उघडत नाही. मी त्या दाराच्या आतली आहे, म्हणून सांगते. ‘आपल्या कंपनीची खरेदीविषयक माहिती मिळावी’ असं पत्र आलं की आम्ही नकार देतो. पण नेमक्या कोणत्या नोंदी हव्यात, किती काळाच्या, कोण पाहणार, अहवालात काय छापलं जाणार, हे एका पानावर लिहून विभागप्रमुखांची सही घेऊन आलात तर बोलणं होतं. पुरवठादारांची नावं आधीच सांकेतिक क्रमांकांत बदलायची. भाव प्रत्यक्ष न देता पहिल्या दिवसाचा भाव १०० धरून बाकीचे त्या प्रमाणात द्यायचे. अभ्यासाला चढउतार हवा असतो, प्रत्यक्ष भाव लागत नाही. छापण्याआधी आम्हाला मसुदा दाखवायचा. चुकीची नोंद असेल तर आम्ही दाखवू, पण निष्कर्ष बदला असं म्हणायचा हक्क आम्हाला नसेल, हेही त्याच पानावर लिहा. ही शेवटची अट तुम्ही घाला. विद्यार्थी एकटा ती घालू शकत नाही.

दुसरी अडचण वेळेची. पीक सत्राप्रमाणे येत नाही. ऐन खरेदीच्या दिवसांत तुमच्या परीक्षा असतात आणि तुमची मुलं येतात तेव्हा काटा बंद असतो. यावर उपाय एकच दिसतो: एक प्रश्न एकाच तुकडीच्या गळ्यात बांधू नका. एका तुकडीनं नोंदीचा तक्ता तयार करून पहिला हंगाम भरावा, पुढच्या तुकडीनं दुसरा हंगाम भरून दोन्ही ताडून पाहावेत. भावातल्या चढउताराचा अभ्यास तर यावाचून होतच नाही. निकोलस काल्डोर यांनी १९३४ साली ज्याला कॉबवेब सिद्धांत हे नाव दिलं, त्यात सांगितलंय ते एवढंच की उत्पादक आजचा भाव बघून लागवड ठरवतो आणि माल येतो तो पुढच्या हंगामात. हे खरं आहे का ते तपासायला निदान लागवडीच्या वेळचा भाव, लागवडीचं क्षेत्र आणि नंतरचा भाव लागतो. तीन महिन्यांच्या प्रकल्पात यातलं एकच हाती येतं. एकच विभाग हीच नोंद पाच वर्षं चालवील तर तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्याकडे असं काही असेल जे मोठमोठ्या संस्थांकडे नसतं.

आता गुणांविषयी, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘फरक आढळला नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. तोंडी परीक्षेत ‘मग तुम्ही नवीन काय शोधलं?’ असा प्रश्न येणार ही भीती मुलांच्या मनात असते. त्या भीतीपोटी ते आकडेवारी अनेक अंगांनी फिरवून पाहतात आणि कुठेतरी जुळलेला एखादा संबंध निष्कर्ष म्हणून मांडतात. संध्याकाळी कपात वाढत नाही, एवढं एका विद्यार्थ्यानं पक्क्या पुराव्यानं सांगितलं तर मी संध्याकाळचा जादा माणूस नेमणार नाही. तो निष्कर्ष मला पगाराएवढ्या पैशांचा आहे. उलट ओढून-ताणून काढलेल्या संबंधावर मी माणूस नेमला तर ते नुकसान खरं असतं, आणि विद्यार्थ्याला ते कधी कळतही नाही. म्हणून गुण प्रश्नाच्या नेमकेपणाला द्या, नोंदींच्या खरेपणाला द्या, मर्यादा स्पष्ट लिहिल्याबद्दल द्या. पानांच्या संख्येला आणि सॉफ्टवेअरमधून काढलेल्या तक्त्यांना देऊ नका.

आणि ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडे परत जाणं सक्तीचं करा. एक पान पुरे. ज्याच्यासाठी आहे त्याला वाचता येईल अशा भाषेत आणि त्याच्याच आकड्यांत. विद्यार्थ्यानं ते शेतकऱ्यासमोर, काट्यावरच्या माणसासमोर वाचून दाखवावं आणि त्यांनी काय म्हटलं ते अहवालाच्या शेवटी जोडावं. ‘हे चूक आहे, आमच्याकडे पावती दोनदा होते’ असं काट्यावरचा माणूस म्हणाला तर ती नोंद त्या अहवालातली सगळ्यात उपयोगी ओळ ठरेल. तोंडी परीक्षेच्या समितीवर अशा एखाद्या माणसाला बसवता आलं तर फारच बरं. विद्यापीठाचे नियम आड येत असतील तर निदान त्याचा लेखी अभिप्राय मागवा.

बोलून मोकळी होण्यापेक्षा माझ्याकडे उत्तराविना पडलेले प्रश्नच देते. एक, आमच्या दोन मापकांवरच्या नोंदींत एका हंगामात किती वेळा आणि कोणत्या बाजूला फरक पडतो. दोन, ज्यांचे पैसे उशिरा गेले ते पुरवठादार पुढच्या हंगामात माल घेऊन परत आले का, आणि आले नाहीत ते कोणाकडे गेले. तीन, परत पाठवलेल्या गाडीचं पुढे काय होतं. तो माल कुठे आणि काय भावानं विकला जातो. तिसऱ्या प्रश्नासाठी विद्यार्थ्याला गाडीबरोबर जावं लागेल, आणि त्यासाठी ड्रायव्हरची व पुरवठादाराची परवानगी आधी घ्यावी लागेल. पहिल्या दोन प्रश्नांसाठीच्या नोंदी वर लिहिलेल्या अटींवर दाखवायची आमची तयारी आहे. काटा हंगामातच चालू असतो, त्यामुळे विषयांची मंजुरी त्याआधी, निदान महिनाभर आधी झालेली असावी.

आपली,
एक खरेदी अधिकारी